तिसऱ्या बांधीतला मोह

ता. चामोर्शी, जि. गडचिरोली
मृग लागून आठ दिवस झाले

चि. मा,

अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर बोलता बोलता तू गप्प झालीस, तेव्हाच काहीतरी बिनसलंय हे मला कळलं होतं. रात्री तुझ्या आईने सगळं सांगितलं. पुण्यात खोली बघायला गेलीस, आडनाव ऐकल्यावर घरमालकाने "तुम्ही बांगलादेशी का?" म्हणून विचारलं. तू आधार दाखवलंस, दहावीचं सर्टिफिकेट दाखवलंस, तरी त्याचं समाधान झालं नाही. "आजोबांच्या काळचं काही असेल तर आणा" म्हणाला. आई म्हणाली, पोरगी रडली नाही, पण आवाज बसला होता.

आजोबांच्या काळचं आहे, मा. तुझ्या आजीच्या, ठाकुमाच्या लोखंडी ट्रंकेत, तिच्या लाल काठाच्या साडीखाली, प्लास्टिकच्या पिशवीत तीन कागद आहेत. एक बॉर्डर स्लिप, एक नागरिकत्वाचा दाखला, एक जमिनीचा पट्टा. तुझा दादा उद्या चामोर्शीला जाऊन झेरॉक्स काढेल आणि या पत्राबरोबरच पोस्टाने पाठवेल. त्या माणसाला दाखव. खोली मिळाली तर बरंच. पण नुसते कागद पाकिटात घालून पाठवायला माझा हात होईना. त्यांत जे लिहिलंय ते तू वाचशील आणि तेवढंच आपलं आहे असं समजशील, म्हणून दोन रात्री बसून हे लिहितो आहे.

तुला बंगाली बोलता येतं, वाचता येत नाही. मी चौथीपर्यंत बंगाली शिकलो, पुढे सगळं मराठीत. तुझ्या वेळेला तर बंगाली शिकवणारा मास्तरच उरला नव्हता. म्हणून बापाने लेकीला लिहायचं तर मराठीतच. याचं वाईट वाटत होतं कधी काळी. आता हिशेब, अर्ज, भांडण, स्वप्न, सगळं मराठीतच होतं माझं, त्यामुळे वाईट वाटायचंही राहून गेलं.

स्लिपवर बघ, "कुटुंबातील माणसं : पाच" असं आहे. पट्ट्यावर चार आहे. त्या घरमालकाला हा फरक दिसणार नाही. तुला दिसला पाहिजे.

आमचं गाव तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात, खुलना जिल्ह्यात, रूपसा नदीपासून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. मी आठ वर्षांचा होतो. तुझ्या दादूंची, म्हणजे आजोबांची, स्वतःची जमीन दोन बिघे, बाकी दुसऱ्याची वाट्याने करायचे. तिथली माती अशी की हात खुपसला तर कोपरापर्यंत जायचा आणि खडा लागायचा नाही. दगड म्हणजे काय हे मी देवळाच्या पायरीवर पाहिलं होतं, शेतात कधी नाही. भरतीचं पाणी खाडीतून वर चढायचं, ओहोटीला उतरायचं, आणि लहान पोरांनासुद्धा दिवसाच्या कुठल्या वेळी पाणी कुठे असेल हे ठाऊक असायचं.

२७ डिसेंबर १९६३ ला काश्मीरात हजरतबल दर्ग्यातून पैगंबरांचा पवित्र केस नाहीसा झाला. आठवड्याभरात तो सापडलाही. पण तोवर जानेवारीच्या सुरुवातीलाच खुलन्यात आग लागली होती, तिथून ती ढाका, नारायणगंजपर्यंत गेली. आणि हेही लक्षात ठेव, की त्याच महिन्यात सीमेच्या अलीकडे कोलकात्यात मुसलमानांची घरं जळाली. दादूंनी काश्मीर तर सोडच, कोलकातासुद्धा पाहिलं नव्हतं. हजारो कोस दूर काय झालं आणि आमच्या गोठ्याला काडी का लागली, हे ते मरेपर्यंत जुळवू शकले नाहीत. आम्हाला रात्री नावेत घालून पलीकडे नेऊन सोडणारा नावाडी मुसलमानच होता. त्याने आमच्याकडून पैसे घेतले नाहीत. दादू कधीही त्या दिवसांबद्दल बोलू लागले की आधी त्या नावाड्याचं सांगायचे, मग बाकीचं.

ठाकुमाने पदराला बी बांधून आणलं होतं. पुईचं, भोपळ्याचं, लाल डेंग्याचं. दागिने म्हणावे असे नव्हतेच. पुई म्हणजे ज्याला तुमच्या पुण्यात मायाळू म्हणतात ते, आणि डेंगा म्हणजे माठ. आज आपल्या अंगणात मांडवावर चढलेला वेल त्याच बियाचा आहे. दर वर्षी तिने बी धरलं, तिच्यानंतर तुझ्या आईने.

बेनापोल ओलांडून बनगाव, तिथे ही स्लिप मिळाली. सरकारचा नियम असा झाला होता, की १९६४ पासून येणाऱ्यांनी पुनर्वसन हवं असेल तर पश्चिम बंगालबाहेर जायचं. बंगालात राहाल तर तुमचं तुम्ही बघा. आम्हाला आगगाडीत बसवलं आणि रायपूरजवळ माना कॅम्पला उतरवलं. माळरान, तंबूंच्या ओळी, आणि असलं ऊन आम्ही जन्मात बघितलं नव्हतं. पंधरवड्याला डोल मिळायचा, थोडे पैसे आणि तांदूळ. आमच्या बायका पाण्याच्या देशातल्या. त्या नळापाशी हंडा घेऊन अर्धा अर्धा दिवस रांगेत उभ्या राहायच्या.

तुझा एक काका होता. तिथे पहिल्याच उन्हाळ्यात हगवणीने गेला. दीड वर्षाचा होता. त्याच्यावर मला जास्त लिहिता येत नाही. दादूंनी त्याला नेलं तेव्हा मी बरोबर गेलो होतो, आणि त्या जमिनीत खड्डा पडत नव्हता एवढंच आठवतं. सब्बल मारली की ठणकन वाजायची.

मान्यात आम्ही तीन उन्हाळे काढले. तिथून कोणाला कोरापुटला, मलकानगिरीला, कोणाला बस्तरात परालकोटला पाठवायचे. १९५८ पासून दंडकारण्य प्रकल्प म्हणून काम चाललं होतं. रामाचा वनवास जिथे झाला ते हे जंगल, असं कॅम्पातले म्हातारे सांगायचे आणि बायका ऐकून रडायच्या. आमच्या नशिबी चांदा जिल्हा आला. गडचिरोली जिल्हा तेव्हा नव्हताच, तो १९८२ ला झाला.

ट्रकमधून उतरलो तेव्हा समोर तोडलेलं जंगल होतं. झाडं नेली होती, खुंट ठेवले होते. एका कुटुंबाला पाच एकर, घराला जागा, एक बैलजोडी आणि तिचं कर्ज. दादूंनी वाकून माती उचलली, बोटांत चुरली, वास घेतला. लाल, मुरमाड. ठाकुमाने विचारलं, "होईल?" ते काहीच बोलले नाहीत. त्या रात्री जेवलेही नाहीत.

आता मला जे सांगायचंय ते इथून पुढे आहे, नीट वाच.

पहिल्या वर्षी दादूंनी तिकडच्या रीतीने धान केलं. नांगरलं, पेरलं, आणि पाऊस आला तसं पाणी उतारावरून पळून गेलं, जाताना बी आणि वरची माती घेऊन गेलं. हाताला काही लागलं नाही. आजूबाजूचे म्हणाले, ही जमीन शेतीची नाहीच. दुसऱ्या वर्षी मृग लागला तेव्हा सगळे नांगर घेऊन निघाले, आणि दादूंनी नांगराला हात लावला नाही. पळसाच्या काड्यांचा एक भारा केला आणि मला घेऊन भर पावसात शेतात जाऊन उभे राहिले. नुसते उभे. डोक्यावर छत्रीसुद्धा नाही. पाणी कुठे साचतं, कुठे वळतं, कुठून फुटतं हे बघायचं आणि मी तिथे काडी रोवायची. "जल कोन दिके जाय, आगे देख," पाणी कुठे जातं ते आधी बघ, एवढंच म्हणायचे. सहा-सात दिवस आम्ही हेच केलं. लोक हसले. म्हणाले, याचं डोकं फिरलं.

पाऊस उघडल्यावर काड्यांच्या रांगा दिसू लागल्या. त्या रांगांवर दादूंनी धुरे, म्हणजे मातीचे बांध घातले, आणि मधल्या तुकड्यांच्या बांध्या झाल्या. वरच्या बांधीचं पाणी भरलं की खालच्या बांधीत उतरेल, तिथून तिच्या खालच्या, आणि शेवटी सगळ्यात खोल जागी, जिथे पुढे बोडी, आपलं छोटं तळं, झाली. तू लहान असताना विचारायचीस ना, आपल्या बांध्या अशा वाकड्यातिकड्या का, बाकीच्यांच्या चौकोनी आहेत? त्या पाण्याने आखल्या आहेत, म्हणून. पाच एकरांत अकरा बांध्या. मधे एकदा तुझा दादा ट्रॅक्टरसाठी त्या सरळ करायचं म्हणत होता. मी नाही म्हटलं. त्या पावसात मी काड्या धरून उभा होतो, अंगाला हुडहुडी भरली होती, आणि दादूंच्या तोंडावर मी तिकडून आल्यापासून पहिल्यांदा राग नव्हता.

खुंट काढायला चार वर्षं गेली. सागाचे, येनाचे. सागाचा खुंट तोडला तरी पुन्हा फुटतो. दादू खुंटाभोवती हातभर खणायचे, मुळं कुऱ्हाडीने तोडायचे, मग खड्ड्यात कोंडा भरून पेटवायचे. कोंडा भडकत नाही, आतल्या आत धुमसतो, पाच-पाच दिवस. रात्री बाहेर आलं की शेतभर लाल डोळे दिसायचे. ठाकुमा म्हणायची, स्मशानात राहायला आणलंय आपल्याला. सकाळी राख पसरायची आणि पुढचा खुंट. तुझ्या आत्याने त्या चार वर्षांत राखेच्या किती टोपल्या वाहिल्या असतील त्याचा हिशेब नाही. तिचं लग्न झालं तेव्हा तिच्या डोक्यावर मधोमध केस विरळ झाले होते, टोपलीने.

इथल्या लोकांना धान येत नव्हतं असं मुळीच नाही, हा गैरसमज आपल्यातले काही जण करून घेतात आणि तो मला आवडत नाही. या झाडीपट्टीत मालगुजारी तलाव शेकडो वर्षांचे आहेत, आणि त्या तलावांची पाळ बघून दादूंनीच शिकून घेतलं की इथल्या मातीची पाळ कशी बसवायची. त्यांनी काय आणलं असेल तर दोन गोष्टी. भाजीपाला बारमाही करायचा, आणि पाणी दिसलं की त्यात मासा सोडायचा.

माशाचं तुला सांगतोच. बोडी खणून पहिलं पाणी धरलं तेव्हा दादू हावड्याला गेले. रोहू, कतला, मृगलची पिलं आणायला. पिलं म्हणजे काय, तांदळाच्या कणीएवढी. ती मातीच्या मोठ्या हंडीत पाणी घालून आणतात. पाणी स्थिर राहिलं की पिलं गुदमरून मरतात, म्हणून हंडीत हात घालून पाणी सतत हलवत राहायचं. हावड्यापासून गोंदिया, तिथून चांद्याची छोटी लाईन, मूलला उतरून पुढे मिळेल त्या वाहनाने, वैनगंगा डोंग्याने, आणि शेवटचं चालत. एवढ्या वाटेत त्यांचा उजवा हात दमला की डावा, डावा दमला की उजवा. स्टेशनवर पाणी बदलायचं. झोप नाही. घरी आले तेव्हा दोन्ही हातांची कातडी पांढरी पडून सुरकुतली होती, बाळंतघरातल्या बाईच्या हातासारखी. अर्ध्याहून जास्त पिलं मेली होती. उरलेली बोडीत सोडली आणि काठावरच झोपले. पुढच्या वर्षी आपण चामोर्शीच्या बाजारात मासे नेले. डोल घेणाऱ्या माणसाने पहिल्यांदा काहीतरी विकलं. त्या पैशांतून ठाकुमाने काय घेतलं, तर एक पंचांग.

माझी शाळा. पाचवीला घोट गावच्या शाळेत गेलो. "बंगाली, बंगाली" म्हणून पोरं मागे लागायची. आम्हाला एक गुरुजी होते, बौद्ध. एकदा त्यांनी भर वर्गात मला उभं केलं. मला वाटलं मार मिळणार. ते वर्गाला म्हणाले, "१९४६ साली बाबासाहेब घटना समितीत कुठून निवडून गेले माहीत आहे का? मुंबईतून नाही. बंगालमधून. जोगेंद्रनाथ मंडल आणि या पोराच्या जातीच्या माणसांनी त्यांना पाठवलं." मग मला म्हणाले, बस. त्या दिवसानंतर पोरांनी चिडवणं थांबवलं असं नाही, पण मी घरी जाऊन दादूंना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, हो, जोगेन बाबूंचं भाषण ऐकायला मी चालत गेलो होतो. मला आजवर सांगितलं नव्हतं. खुलना-जेसोरचा आपला मुलूख, नमशूद्रांचा, म्हणजे आपल्या जातीचा. त्याच मुलखाने बाबासाहेबांना हात दिला, आणि फाळणीत तोच पाकिस्तानात गेला.

म्हणून तुझ्या प्रवेशाच्या वेळी मला जे लागलं ते तुला आता सांगतो. पश्चिम बंगालमध्ये आपण अनुसूचित जातीत, महाराष्ट्राच्या यादीत नाही. जात तीच, माणसं तीच, आगगाडीत बसवून कुठे उतरवलं तेवढाच फरक. तू खुल्या गटातून अर्ज भरलास आणि एक शब्द बोलली नाहीस. मी त्या रात्री बोडीवर जाऊन बसलो होतो.

आता १९७८. हे तुला कोणी सांगितलेलं नाही.

त्या उन्हाळ्यात मान्यापासून मलकानगिरीपर्यंत, सगळीकडे एकच बोलणं सुरू झालं. चला बंगालला परत. सुंदरबनात मरीचझांपी म्हणून बेट आहे, तिथे जागा आहे, आपली माती, आपलं पाणी. लोकांनी बैल विकले, पितळेची भांडी विकली, पत्रे काढून विकले. आपल्या ओळखीच्या कितीतरी घरांनी विकलं. ठाकुमाने सामान बांधलं होतं. ती दादूंना म्हणाली, मरायचंच तर नदीकाठी मरू. मीही तिच्या बाजूने होतो. बावीस वर्षांचा होतो आणि मला वाटत होतं, खरं आयुष्य तिकडेच कुठेतरी थांबलेलं आहे.

दादू गेले नाहीत. ठाकुमाने कारण विचारलं तेव्हा म्हणाले, "बोडीची दक्षिणेची पाळ अर्धी राहिली आहे. पाऊस आला तर फुटेल." एवढंच. मला त्यांचा भयंकर राग आला. माणसं देशाला निघाली आणि हा माणूस पाळ धरून बसला. सकाळी उठून ते पाळीवर माती टाकायला गेले. दुपारी ठाकुमाने गाठोडं सोडलं, भांडी मांडणीवर लावली, आणि भाकरी घेऊन पाळीवर गेली.

जानेवारी १९७९ मध्ये त्या बेटाला वेढा पडला. पाणी, तांदूळ बंद. गोळीबार झाला. मे महिन्यात झोपड्या जाळून सगळ्यांना उठवलं. किती माणसं गेली याचे आकडे आजही जुळत नाहीत. आपल्या ओळखीतलं एक घर त्या पावसाळ्यात परत आलं. पाच गेली होती, तीन आली. त्यांच्याकडे बैल नव्हते, भांडं नव्हतं. ठाकुमाने त्यांना आपल्या पडवीत ठेवलं आणि दादूंनी आधी त्यांची रोवणी करून दिली, मग आपली केली. त्या वर्षी आपल्या धानाला उशीर झाला, पीक निम्मं आलं. मी त्यानंतर दादूंशी त्या विषयावर कधी बोललो नाही. माफी मागायची होती, ती राहिली.

पुढचं सगळं तुला माहीत आहे, त्यात फार रमत नाही. रेगडीच्या कन्नमवार जलाशयाचं पाणी कोणाला मिळालं, कोणाला नाही. आपल्याला बोडीनेच तारलं. मग एचएमटी धान आलं. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे, आपल्यासारखेच थोड्या जमिनीचे शेतकरी, त्यांनी आपल्या बांधीतल्या वेगळ्या लोंब्या ओळखून, निवडून ते वाण उभं केलं आणि घड्याळाचं नाव दिलं. दादूंना त्या माणसाबद्दल फार आदर होता. म्हणायचे, तो बांधीत उभा राहून बघत असणार, नाहीतर हे दिसत नाही. शेवटच्या वर्षी त्यांना बंडीत बसवून धुऱ्यापर्यंत न्यावं लागायचं. लोंबी हातात घेऊन दाणे मोजायचे. कार्तिकात धान कापून, कडपा बांधून पुंजणे घातले, आणि चौथ्या दिवशी ते गेले. मृत्यूच्या नोंदीच्या फॉर्मवर व्यवसायाच्या रकान्यात ग्रामसेवकाने मला न विचारताच "शेतकरी" लिहिलं. मान्यातल्या कागदावर त्याच रकान्यात "निर्वासित" होतं. तो फॉर्म मी पुन्हा पुन्हा वाचला.

मा, एक गोष्ट राहिली, आणि ती या तिन्ही कागदांत नाही.

ही जमीन आपल्याला दिली तेव्हा ती मोकळी नव्हती. सरकारी कागदावर जंगल म्हणून होती, पण त्या जंगलात पलीकडच्या गोंड टोल्यावरच्या लोकांची गुरं चरायची, तेंदू, चारोळी, मोह ते वेचायचे. त्यांना कोणी विचारलं नसावं. आम्हालाही कोणी सांगितलं नाही. आम्ही आमचं दुःख घेऊन आलो होतो, दुसऱ्याचं बघायला डोळे नव्हते.

तिसऱ्या बांधीत मोहाचं झाड होतं, ठेकेदाराने कसं कोण जाणे सोडलेलं. दादू ते तोडणार होते, सावलीखाली धान होत नाही म्हणून. कुऱ्हाड घेऊन गेले तर झाडाखाली टोल्यावरचा एक म्हातारा बसलेला. आम्ही पुढे त्याला आजा म्हणायचो. दादूंना गोंडी येत नव्हती, त्याला बंगाली येत नव्हतं, मराठी दोघांनाही धड नव्हतं. तो उठला नाही आणि काही बोललाही नाही. दादू बराच वेळ उभे राहिले आणि कुऱ्हाड घेऊन परत आले. फाल्गुनात पहाटे बघतो तर आजा आणि त्याची बायको झाडाखालची जागा झाडून, पाचोळा जाळून, फुलं वेचत होती. दादू गेले आणि त्यांच्याबरोबर वाकून वेचू लागले. टोपली भरली ती त्यांच्याकडे दिली. आजाने त्यातली एक ओंजळ दादूंच्या गमछात टाकली. त्या दिवशी ठरलं, की जमीन आपली आणि मोह त्यांचा. ना पंच, ना सही. तिसऱ्या बांधीत दर वर्षी सावलीखाली दीड-दोन पोती धान कमी होतं, ते दादूंनी कधी मोजलं नाही. आजाने आम्हाला कुठल्या मुंगीनंतर पाऊस येतो ते दाखवलं, रानडुकरांसाठी काटेरी कूड कशी घालायची ते शिकवलं, आणि ठाकुमाला ताप आला तेव्हा त्याच्या बायकोने येऊन तीन दिवस आमची चूल पेटती ठेवली. त्यांच्या अंगणात आता पुईचा वेल आहे.

मी सत्तरीला आलो. जमीन तुझ्या आणि दादाच्या, दोघांच्या नावावर करायची म्हणून तलाठ्याकडे विचारून आलो. आपली जमीन वर्ग दोनची, म्हणजे सरकारने अटी घालून दिलेली, त्यामुळे त्याला परवानग्या लागतात, होईल हळूहळू. दादाने आनंदाने हो म्हटलं. तू पुण्यात राहा, नोकरी कर, तुझ्या मनाप्रमाणे लग्न कर किंवा करू नको, नाव असू दे. पण सातबाऱ्यावर नाव चढेल तेव्हा त्यात मोहाची नोंद असणार नाही. उद्या तुम्ही दोघं वाटणी कराल, विकाल, कोणी ट्रॅक्टरवाला येऊन झाड काढा म्हणेल. तेव्हा कोणाचं झाड आहे हे सांगणारं माणूस पाहिजे. दादाला माहीत आहे. तुला सांगायचं राहिलं होतं.

यंदाही आजाचा नातू आला होता, मोटरसायकलवर, बायकोला घेऊन. फुलं कमी आली या वर्षी, अवकाळीने झडली. तरी जाताना एक सूप भरून आपल्या ओट्यावर वाळत टाकून गेला. तुझ्या आईने तुझ्यासाठी डब्यात भरून ठेवली आहेत.

पऱ्हे काल टाकले, म्हणजे रोपांसाठी बी पेरलं. पाऊस धरून राहिला तर आषाढात रोवणीला येतील. रजा मिळाली तर ये. नाही मिळाली तर झेरॉक्स पोचल्या का, तेवढं फोन करून कळव, आणि खोलीचं काय झालं तेही.

तुझे,
बाबा